शून्य आणि एक

पहाटे पावणेचारला मॉरीनचा फोन.
"ॲप, बोर्ड मेलाय. सातला लिलाव आहे."
ग्रिम्स्बीच्या मासळीबाजारात मला ॲप म्हणतात.
अपर्णामधलं तेवढंच त्यांच्या जिभेला झेपतं,
आणि मी कॉम्प्युटरवाली, तेव्हा विनोदही आयता.

गोदीवर पिवळे दिवे, रात्रीत उतरलेल्या
हॅडॉकच्या पेट्या, वर बर्फाचा चुरा,
रबरी बूट, शिव्या, तोंडातून निघणारी वाफ.
सर्व्हरची खोली जिन्याखाली.
पूर्वी इथे जाळी ठेवत असत.
भिंतींना अजून वास आहे,
माझ्या स्वेटरलाही.

काल दुपारी मीच नवं कार्ड बसवलं.
तेव्हा सगळं सुरळीत.
रात्री वीज क्षणभर गेली,
यंत्र पुन्हा उठलं, आणि उठताना
दोन कार्डांची आपसात शर्यत लागली.
जो आधी जागा, तो ईथ-शून्य.
उरलेला एक.
काल शून्य असलेला आज एक झाला,
त्याला त्याचा पत्ताही नाही;
तारा होत्या तिथेच होत्या.
वजनकाटे जगाशी बोलायला लागले
आणि जगाचे खरेदीदार
एका बंद भिंतीशी.

केनेथ निवृत्त होताना सांगून गेला होता,
ती नवी लांबलचक नावं मी बंद करून ठेवलीयत,
बस नंबर अमुक, खाच नंबर तमुक,
नाव आहे की पार्सल?
मला तेव्हा पटलं होतं.

प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक पत्ता कोरलेला असतो,
बारा आकडी-अक्षरी.
एकाचा शेवट सात-सी, दुसऱ्याचा डी-चार.
टॉर्च दातात धरून मी ते तळहातावर उतरवले.

माझं नाव ताटातल्या तांदळात लिहिलं होतं,
अंगठीने.
त्या सकाळपर्यंत मी शरयू.
ते तांदूळ नंतर डब्यात परत गेले की शिजले,
मी विचारलं नाही.
मग बँक, पासपोर्ट, रेशनकार्ड, गॅस,
दोन वर्षं लागली सगळीकडून शरयू खोडायला.
गॅसच्या पावतीवर ती शेवटपर्यंत राहिली.

फाईल छोटीशी. दोन कार्डांना दोन.
हा पत्ता दिसला, तर हे नाव.
खाच बदलो, शर्यत कुणीही जिंको.
शून्य-एक पुन्हा नकोत, त्यांच्यावर कर्नलचा डोळा असतो.
मी एकाला 'आत' म्हटलं, दुसऱ्याला 'बाहेर'.
रोमन लिपीत, अर्थात. 
फायरवॉलमध्ये जुनं नाव अकरा ठिकाणी होतं.
अकरा. दोनदा मोजलं.
आणि यंत्र ज्या छोट्या गाठोड्यातून डोळे उघडतं
तेही नव्याने बांधावं लागतं,
नाहीतर अर्धवट झोपेत ते
जुन्याच हाकेला ओ देतं.

रीस्टार्ट. आत, बाहेर.
पुन्हा. आत, बाहेर.
मग मी सरळ प्लग उपटला,
कारण रात्री तसंच झालं होतं.
मॉरीन दारात चहाचा मग धरून उभी,
काही बोलली नाही.
आत. बाहेर.
वर कुठेतरी बोर्ड पेटल्याचा गलका,
सहा वाजून अठरा मिनिटं.

"आट?" तिने पडद्यावरून वाचलं. "हे काय?"
"आत," मी म्हटलं. "इनसाइड."
"आट," ती म्हणाली, समाधानाने,
आणि लेबलच्या यंत्रावर तसंच छापून
तारेला चिकटवलं.

मागच्या बाजूला एक तिसरं भोक आहे,
तार नसलेलं, धूळ बसलेलं.
त्याचाही कोरलेला पत्ता असणार.
तो मी उतरवला नाही.
ते दरवेळी मिळेल त्या नावाने उठेल.
उठू दे.
तळहात मी घरी जाऊनही
बराच वेळ धुतला नाही.